बावीस पानांची वही

पुतळ्यावर तिसऱ्यांदा लाल रंग पडला तेव्हा गणिताच्या बाई बादलीत पडदे भिजवत होत्या. फोन दादाचा होता.

“छोटी, पुन्हा टाकला.”

बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. सगळं शहर त्यांना ‘गणिताच्या बाई’ म्हणून ओळखायचं. त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा असलेला भाऊ मात्र अजून छोटीच म्हणायचा.

“नगरपालिकेला कळवलंस का?”

“कळवलं ना. ते म्हणतात, सफाई खात्याचं काम. सफाई खातं म्हणतं, चौक आमचा, पण पुतळा उद्यान खात्याचा. उद्यान खात्यात फोन कोणी उचलत नाही. माझा गुडघा असा, नाहीतर मीच...”

“राहू दे. जाते मी.”

त्यांनी एक स्टूल, टर्पेंटाइनच्या दोन बाटल्या आणि फाडलेली जुनी चादर घेतली आणि रिक्षाने चौकात गेल्या. स्टूल चौथऱ्याला लावून चढल्या तर वाहतूक पोलिस शिट्टी वाजवत आला.

“बाई, परवानगी आहे का?”

“पुसायला परवानगी लागते? फेकणाऱ्याकडे होती का?”

पोलिसाने खांदे उडवले आणि तो परत गेला. बाई पुसू लागल्या. छातीपर्यंतचा ब्राँझचा पुतळा. डोक्यावर वायुदलाची टोपी, जाड भुवया, घट्ट मिटलेले ओठ. गालावरचा रंग निघत होता, पण कानाच्या पाळीत आणि मिशीच्या खाचांत तो चिकटून बसला होता. एक माणूस जाता जाता म्हणाला, “छान करताय, फार मोठा माणूस होता.” थोड्या वेळाने पिशवी घेतलेली एक बाई थांबून म्हणाली, “असं पुसून जाणार आहे का ते?” दोघांचाही बाईंना सारखाच राग आला. पुतळा आपल्या वडिलांचा आहे हे त्यांनी दोघांनाही सांगितलं नाही.

छप्पन्न वर्षांपूर्वीच्या युद्धात वडील वायुदलाच्या या विभागाचे कमांडर होते. शत्रूने नदीपलीकडचा मुलूख घेतला होता. नदीवरच्या मोठ्या पुलापाशी एक छोटं गाव होतं, तेही त्याच्याच ताब्यात गेलेलं. माणसं आपली, ताबा त्याचा. पूल ओलांडून त्याचे रणगाडे या शहरावर येणार हे उघड होतं. दोनदा भल्या सकाळी आपली विमानं गेली, दोन्ही वेळा पूल जागेवर राहिला. तिसऱ्यांदा ती मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेली. पूल पडला. पुलाच्या तोंडाशी आठवड्याचा बाजार भरला होता. चारशे एकतीस माणसं गेली. रणगाडे पलीकडेच अडकले आणि हे शहर वाचलं.

म्हणून इथे पुतळा होता, आणि तिथे चारशे एकतीस नावांची शिळा. पुतळा काढा म्हणून तिथल्या स्मरण समितीचे लोक दर वर्षी पत्र लिहायचे, आणि इथले लोक दर वर्षी ते केराच्या टोपलीत टाकायचे. युद्धानंतर चौकशी समिती बसली होती. तिच्यापुढे कमांडरसाहेबांनी एकच वाक्य सांगितलं: ‘त्या दिवशी बाजार असतो याची मला कल्पना नव्हती.’ त्यानंतर त्यांनी या विषयावर ब्र काढला नाही. बाईंनी एकोणीस वर्षांच्या असताना एकदाच विचारलं होतं, “बाबा, खरंच माहीत नव्हतं?” ते जेवता जेवता उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले. पुढे दोन दिवस ते घरात कोणाशीच बोलले नाहीत. बाईंनी परत विचारलं नाही. शेवटची सहा वर्षं ते बाईंकडेच राहिले आणि तिथेच गेले, त्यालाही एकोणीस वर्षं झाली होती.

दादा कमांडर स्मारक मंडळाचा चिटणीस होता. त्या वर्षी वडिलांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती आणि मंडळ प्रदर्शन भरवणार होतं. “बाबांच्या पेटीतलं काही दे ना,” तो महिनाभर मागे लागला होता. “पदकं आहेत आपल्याकडे. चष्मा, हातमोजे, असलं काहीतरी घरगुती पाहिजे. लोकांना ते आवडतं.”

पुतळा पुसून आल्यावर अंगाला टर्पेंटाइनचा वास येत असतानाच बाईंनी वैतागून पेटी उघडली. एकदाची कटकट संपवावी म्हणून. हातमोजे मिळाले. त्यांच्या खाली हवामानाच्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा होता, आणि त्या गठ्ठ्यात एक पातळ वही. बावीस पानं लिहिलेली, पुढची कोरी. अक्षर वडिलांचं, पेन्सिलीतलं.

वहीत भावनेचा एक शब्द नव्हता. आकडेच आकडे. वाऱ्याचा वेग, ढगांची उंची, नदीवर धुकं किती वाजेपर्यंत टिकतं. बाईंनी जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. त्या सवयीने पेन्सिल घेऊन बसल्या आणि प्रत्येक आकडेमोड ताडून पाहू लागल्या. चौदाव्या पानावर नोंद होती की वरच्या कार्यालयाकडे परवानगी मागितली: गावावर आधी पत्रकं टाकून लोकांना सावध करू का? खाली उत्तर उतरवलेलं: नाही. पत्रकं पडली तर शत्रू पुलावरच्या तोफा वाढवेल. पंधराव्या पानावर पुन्हा तीच मागणी, आणि पुन्हा ‘नाही’.

एकोणिसाव्या पानावर मंगळवार होता.

‘बुधवारपासून पाच दिवस ढग. मंगळवारच. सकाळी ८: धुकं, पूल दिसत नाही. ११: बाजार. दुकानं १२०, दुकानामागे माणसं ५, एकूण ६००. दुपारी ३: बाजार उठलेला. ऊन वैमानिकांच्या डोळ्यांवर. नेम लागण्याची शक्यता: ११ ला दहात सात, ३ ला दहात तीन.’

त्याखाली एकच शब्द होता. ‘अकरा.’

बाईंनी सहाशेचा गुणाकार तपासला. बरोबर होता. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पडदे बादलीत तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन दादाकडे गेल्या. दादाने चष्मा लावून एकोणिसावं पान वाचलं. परत वाचलं. मग वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला.

“हे कोणाला दाखवलंस?”

“तुलाच.”

“मग इथेच संपव.”

“दादा, त्यांना माहीत होतं. समितीपुढे ते खोटं बोलले.”

“बोलले असतील! मग? तू पाच वर्षांची होतीस, तुला काही आठवत नाही. मला आठवतंय. तळघरात अकरा दिवस होतो आपण. आई तुझ्या कानांवर उशी दाबून बसायची. ते रणगाडे आले असते तर आज हे पान वाचायला तू नसतीस, न मी.”

“त्याला मी नाही म्हणतच नाहीये. तेही त्यात आहे. चौदावं पान वाच, त्यांनी दोनदा परवानगी मागितली होती.”

दादाने चौदावं पान काढलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “अगं, मग हे देऊ ना प्रदर्शनात! हे पान मोठं करून लावू. एवढंच.”

“आणि एकोणिसावं?”

“त्याचं काय काम आहे?”

“त्याच वहीत आहे ते, दादा. पाच पानं पुढे.”

“छोटी, तुझं नेहमीचंच. पूर्ण मार्क पडल्याशिवाय तुझं समाधान होत नाही. माणूस म्हणजे काय उत्तरपत्रिका आहे?”

बाईंनी त्याच्या तळहाताखालून वही ओढून घेतली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा बाई जिना उतरत होत्या.

मग त्यांनी वही सरकारी अभिलेखागारात द्यायची ठरवली. तिथला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. वही पाहून त्याचे डोळे चमकले. त्याने पांढरे हातमोजे घातले, पानं उलटली, आणि हातमोजे काढून अर्ज पुढे केला. चार प्रती. सगळ्या वारसांच्या सह्या. संरक्षण खात्याचं ना हरकत पत्र.

“भाऊ सही करणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मग घोडं तिथेच अडतं. आणि समजा झाल्या सह्या, तरी युद्धकाळातली हस्तलिखितं तीस वर्षं बंद ठेवावी लागतात. आमच्याकडे आल्याच्या तारखेपासून.”

“वहीला छप्पन्न वर्षं झालीत!”

“आमच्याकडे ती आज आली ना, बाई.”

“तीस वर्षांनी मी एक्क्याण्णव वर्षांची असेन.”

अधिकाऱ्याने क्षणभर विचार केला. “तेव्हा कदाचित सह्यांचा प्रश्न उरणार नाही,” तो म्हणाला, आणि काय बोलून गेलो ते कळून त्याचे कान लाल झाले. बाईंना हसू आलं असतं, पण त्या दिवशी आलं नाही.

राहिलं ते पुलाजवळचं गाव. बाई तिथे जन्मात गेल्या नव्हत्या. बस अडीच तासांची होती. नवा पूल रुंद, चार पदरी, कंटाळवाणा होता. पलीकडे उतरून त्यांनी स्मरण समितीचा पत्ता विचारला, तर पानाफुलांच्या कुंड्या मांडलेल्या दुकानाकडे सगळ्यांनी बोट दाखवलं. “समिती बटणबाईच चालवतात, त्यांच्याकडे जा.”

बटणबाई अडुसष्ट वर्षांच्या, किरकोळ, ताठ. दुकानात भिंतभर छोटे खण, प्रत्येकावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. बटणबाईंचा कात्री धरलेला हात थांबला. त्यांनी बसा म्हटलं नाही.

“पुतळा काढणार आहेत का?” त्यांनी विचारलं.

“नाही. ते माझ्या हातात नाही. मी हे दाखवायला आणलंय.”

बटणबाईंनी उभ्या उभ्याच एकोणिसावं पान वाचलं. बाई वाट पाहत राहिल्या. रडतील, शिव्या देतील, कदाचित आभारही मानतील असं काहीबाही त्यांनी बसमध्ये मनात आणलं होतं.

“यात नवीन काय आहे?” बटणबाई म्हणाल्या. “त्यांना माहीत होतं हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हालाच कळायला छप्पन्न वर्षं लागली.”

“पण आता पुरावा आहे.”

“हो. ते बरं झालं. या पानाचा फोटो काढते मी.” त्यांनी खणातून मोबाइल काढला. “दुपारी तीन. बघा, तीनला जाता येत होतं. हे पेपरात छापून आणते की नाही ते बघाच.”

“फोटो काढा, पण सगळ्या बावीस पानांचा काढा,” बाई म्हणाल्या. “त्यांनी दोनदा परवानगी मागितली होती. तीनला गेले असते तर पूल बहुतेक पडला नसता, तेही त्यात आहे.”

“ते मी कशाला छापू? तुमचे लोक छापतील.”

“माझे लोकही अर्धंच छापणार आहेत! कोणालाच पूर्ण वही नकोय. त्यांना चौदावं पान हवंय, तुम्हाला एकोणिसावं. मी काय वही फाडून वाटू?”

आवाज चढला होता. दाराशी आलेलं गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरलं. बटणबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला.

“बाई, एक सांगू? तुम्ही इथे आमच्यासाठी नाही आलात. तुम्हाला घरात ते ओझं सोसेना, म्हणून आमच्या दारात आणून ठेवताय. माझी आई त्या बाजारात होती. माझ्याकडे माझं ओझं आहे. तुमचं तुम्ही घेऊन जा.”

बाई वही घेऊन परतल्या. बस सुटायला चाळीस मिनिटं होती. थांब्यावरच्या बाकावर बसून त्या स्वतःशीच इतक्या चडफडत होत्या की शेजारच्या आजोबांनी दोनदा वळून पाहिलं. बटणबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हे सगळ्यात जास्त टोचत होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून वहीच्या दहा प्रती काढल्या. बावीसच्या बावीस पानं, तारेच्या बांधणीत. स्वतःचा एक शब्दही जोडला नाही. एक प्रत शहराच्या वाचनालयाला, एक पलीकडच्या गावच्या वाचनालयाला, एक दादाला, एक बटणबाईंना, दोन वर्तमानपत्रांना, बाकीच्या शाळा-कॉलेजांना. परवानगी कोणाचीच घेतली नाही.

व्हायचं तेच झालं. एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं, ‘कमांडरांनी लोकांना वाचवण्यासाठी दोनदा केली होती विनंती’. दुसऱ्याने छापलं, ‘बाजार माहीत होता, तरीही अकरा’. टीव्हीवर दोन निवृत्त अधिकारी आणि एक प्राध्यापक एकमेकांवर ओरडले. तिघांपैकी कोणाच्याही हातात वही नव्हती. चौकात एका सकाळी फुलं पडली आणि त्याच संध्याकाळी अंडी. बाईंकडे निनावी पत्रं आली. एकात त्यांना बापाची बदनामी करणारी म्हटलं होतं, दुसऱ्यात खुन्याची वकील. दोन्ही पत्रांत शुद्धलेखनाच्या भरपूर चुका होत्या. बाईंनी त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दादाने फोन केला नाही. मंडळाचं पत्र मात्र आलं, छापील कागदावर: प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं आपल्याला दिलेलं निमंत्रण रद्द समजावं. खाली चिटणीस म्हणून त्याची सही. बाईंनी ती सही बराच वेळ पाहिली. लहानपणी त्यांच्या प्रगतिपुस्तकावर वडील घरी नसले की दादाच सही करायचा.

वाचनालयात जाऊन त्यांनी एकदा चौकशी केली. “ती वही? दोघांनी मागितली,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “एकाने पाच मिनिटांत परत केली. नुसते आकडेच आहेत म्हणाला.”

“आणि दुसरा?”

“त्याला वाटलं होतं, विमानांची चित्रं असतील.”

असे पाच महिने गेले. एका दुपारी बाई कपाटाच्या वरचं आवरत असताना फोन वाजला. पलीकडून एक कोरडा आवाज आला. “बटणबाई बोलतेय. मी वाचली वही. बावीस पानं. चष्म्याचा नंबर वाढला.”

बाई स्टुलावरून उतरल्या आणि खुर्चीत बसल्या.

“तुम्ही गणित शिकवायचात ना?” बटणबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग तुम्हाला कसं दिसलं नाही? एकशे वीस दुकानं, दुकानामागे पाच माणसं. ही पाच कोण?”

“गिऱ्हाईकं असतील.”

“गिऱ्हाईकंच. दुकानासमोर एका वेळी उभी असतात तेवढीच ती. आणि मागे बसलेली? माझी आई बटणं-दोरे घेऊन बसायची. शेजारी मावशी. पायाशी आम्ही दोघी बहिणी. आम्ही कुठे आहोत त्या सहाशेत? विमानं दिसल्यावर गिऱ्हाईकं गल्ल्यांत पळाली. विकणारे माल आवरत बसले. शिळेवरची नावं वाचा एकदा. चारशे एकतिसांत पावणेतीनशे विकणारे आहेत. तुमच्या वडिलांनी त्यांना मोजलंच नाही.”

ते पान त्यांनी निदान चाळीस वेळा वाचलं होतं. पाचाने एकशे वीसला गुणलं होतं, सहाशे आले होते, बरोबर म्हणून मान डोलावली होती. चौतीस वर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या की गुणाकाराआधी गणित काय म्हणतंय ते वाचा. त्यांनी स्वतःच ते वाचलं नव्हतं. वडिलांनीही नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बापाचा सरळ, स्वच्छ राग आला. मंडळाचा नाही, वर्तमानपत्रांचा नाही, फक्त त्यांचा. आणि तो काढायला ते समोर नव्हते.

“गणित तरी धड करायचं होतं त्यांनी,” बाई म्हणाल्या.

“तेच मला म्हणायचंय,” बटणबाई म्हणाल्या. “धड करून निर्णय तोच घेतला असता, तरी मी त्यांना माफ केलं नसतं. पण निदान आम्ही त्यात असतो.”

फोनच्या तारेत खरखर होत होती.

“तुम्हाला आठवतं का,” बाईंनी विचारलं, “कोण कुठे बसायचं?”

“बाराव्या वर्षापर्यंत दर मंगळवारी गेलेय मी. डोळे मिटले की ओळीने सांगते.”

“मग सांगता का? सगळी एकशे वीस?”

“एका दमात नाही व्हायचं.”

“मला कुठे घाई आहे. आज दहा सांगा. उरलेली पुढच्या वेळी.”

बटणबाईंनी घसा साफ केला. बाईंनी टेबलावरची चौकटींची वही ओढली, कोऱ्या पानावर उभी रेघ मारली आणि पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं.

“पुलाकडून सुरू करते,” बटणबाई म्हणाल्या. “डाव्या हाताला पहिले ते मडकीवाले. नवरा, बायको, नवऱ्याची आई, आणि एक तान्हं.”

बाईंनी चार लिहिले.

“पुढे?”